सिनेमातली तिरफळं

आमच्या परबांचं एक मत आहे आणि ते त्यांनी अजूनही सोडलेलं नाही. जगात जे घडायचं असतं ते आधी सिनेमात दाखवतात. योगायोगाने नव्हे, मुद्दाम. ज्यांना पुढचं ठाऊक असतं ती माणसं सिनेमा काढतात, आपण तिकीट काढून तो बघतो, डोळे पुसत घरी येतो, आणि मग तीच गोष्ट खरोखर अंगावर आली की ओरडत नाही. मनाला सवय झालेली असते.

"रंगीत तालीम आसता ती," ते म्हणायचे. "नाटक मगे होता."

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. माझं नाक लहान आहे पण त्यावर राग भरपूर मावतो, असं माझी सासू म्हणायची. त्यामुळे हे असलं काही ऐकलं की मी गप्प बसायची नाही. एकदा एका सिनेमात हिरोची आई जिन्यावरून घसरली आणि आठवड्याभरात आमची शेजारीण चंपा स्वतःच्या मोरीच्या पायरीवरून घसरली. परबांनी माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की मला राहवेना.

"चंपाच्या मोरीत शेवाळ धरलाहा," मी म्हटलं. "ता काय सिनेमावाल्यांनी येवन लावल्यानी?"

"शेवाळ कारण झाला गो. तारीख तेंनी ठरवली."

काशीराम परब हा माणूस एरवी शहाणा. विडी नाही, दारू नाही, आवाज चढवणं नाही. वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत कुणाचं दार घासायला लागलं, कुणाच्या खाटेचा पाय हलला, की यांना बोलावणं. परळच्या गिरणीत ते सुतारखात्यात होते. एवढा एक सिनेमाचा किडा सोडला तर नवरा म्हणून मला त्यांच्यात काही खोट काढता आली नाही, आणि मी काही कमी प्रयत्न केले नाहीत.

पण त्या मताला एक मूळ होतं. गिरण्यांच्या संपाच्या वर्ष-दीड वर्ष आधी आम्ही परळला एक सिनेमा बघितला होता. त्यात गिरणीला टाळं लागतं, भोंगा बंद पडतो, बायका भांडी विकतात. सगळं थिएटर रडत होतं म्हणे. मग खरा संप झाला. पहिल्यांदा लोक मोर्चे काढत होते, घोषणा देत होते. पण महिने गेले, गिरण्या उघडेनात, तसे हळूहळू सगळे गप्प झाले. कुणी गावी गेलं, कुणी भाजी विकायला बसलं. परब म्हणायचे, "एवढी माणसा रस्त्यार इली, पण रडला कोण? रडान झाला होता सगळ्यांचा. थेटरात."

हे बोलताना ते हसत नसत, म्हणून यावर मी थट्टा करायची नाही. फक्त एकदा विचारलं, "मग मी कित्याक मोडलंय? मी पण बघितलेला तो सिनेमा."

"तू खय बघितलंस? इंटरवलपासून घोरत होतंस."

ते खरं होतं. आणि मी मोडले होते हेही खरं होतं. गिरणी आता उघडत नाही हे नक्की झालं त्या दिवशी मी खाटेवर आडवी झाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ताप नाही, दुखणं नाही, नुसते पाय गेल्यासारखे. सुलक्षणा तेव्हा शाळेत होती. तीच भात शिजवायची, तीच माझी वेणी घालायची. पावसाळा संपत आला तेव्हा मी उठले. त्यानंतर माझ्या पोटात एकच भीती घर करून बसली. यांचं काम पुन्हा गेलं तर मी पुन्हा आडवी होईन, आणि या खेपेला माझ्याने उठवणार नाही. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण परबांना ते ठाऊक होतं. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं कळतंच.

संपानंतर वर्षभराने त्यांना अंधेरीच्या एका स्टुडिओत काम लागलं. सेट उभे करायचं काम. कोर्ट, देऊळ, हॉस्पिटल, श्रीमंताचा बंगला, सगळं प्लायवूडचं आणि पुढून रंगवलेलं. गावचा लवू सावंत तिथे आधीपासून होता, त्याने यांना लावून घेतलं. सुरुवातीला परबांना त्या कामाची लाज वाटायची, कारण सेटला खिळा पूर्ण ठोकत नाहीत. डोकं वर ठेवतात, म्हणजे उद्या उपटून काढायला सोपं. ज्यांनी आयुष्यभर खिळा लाकडात बुडवून वरून हात फिरवला, त्यांना हे असलं अर्धं काम जमेना. मग सवय झाली. आणि आपण स्वतःच आता त्या तालमीच्या खोलीत पोचलो, याचा आनंद तर त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

शहाऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला एका सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. आमच्या स्टुडिओत चाललाय म्हणाले. अजून नाव ठरलेलं नाही. रोज जेवढं शूटिंग होई तेवढं संध्याकाळी जेवताना सांगायचे. आता गोष्ट म्हटलं की मी कामातून जाते. आमच्याकडे टीव्ही होता, पण त्यात माणसं फार सावकाश बोलतात. परब सांगायला लागले की कसे झरझर सांगत. पलीकडच्या पार्टिशनला कान लावून चंपाही ऐकायची, आणि मध्येच "आँ? काय म्हनलं ते?" असं ओरडून विचारायची. शेवटी मी तिला म्हटलं, ये बाई, इथेच येऊन बस.

गोष्ट अशी होती. मीरा नावाची लखनौची बाई लग्न होऊन मुंबईत येते. नवरा कारखान्यात मिस्त्री. चांगला माणूस. एक दिवस मशिनमध्ये त्याचा हात सापडतो. हात राहतो, पण कामाचा राहत नाही. मालक म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. आणि मीरा घरात बसून रडते.

ती जी रडायला बसली ती उठेचना. आज काय झालं? रडली. आज? आज पण रडण्याचाच सीन होता. चंपाला ते फार आवडत होतं, ती पदर नाकाला लावूनच यायची. मीही रडले, खोटं कशाला सांगू. त्या नवऱ्याचा तो लुळा हात, ताटात भात कालवता येत नाही म्हणून मान खाली घालून बसलेला तो बाप्या, हे परब असं काही सांगायचे की माझा घास हातातच राहायचा. पण रडायला पण काही हद्द असते. एके संध्याकाळी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"उठ म्हणाचा तिका," मी म्हटलं. "नवरो जिवंत आसा मां? बाजूक बसलोहा मां? मग कसला सुतक पाळता ही बाई?"

परबांनी ताटातली मिरची बाजूला केली. "मग तिना करूचा काय? शिकाक-सवराक नाय ती."

"हात आसत मां तिका? डबे करूचे. रांधूक येता मां?"

"बघतंय," ते म्हणाले. "डायरेक्टराक सांगान बघतंय."

दुसऱ्या दिवशी घरी आले ते हसतच. डायरेक्टरला कल्पना पसंत पडली होती. मीरा आता डबे करणार होती. मी परातीतल्या पिठावर हात तसाच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. हिंदी सिनेमाच्या डायरेक्टरने वाकोल्याच्या रत्नप्रभा परबचं ऐकलं! त्या दिवशी भाकरी फार चांगल्या फुगल्या.

त्यानंतर सिनेमा माझ्याच सल्ल्याने पुढे सरकू लागला. मीराने सुरुवातीला किती डबे घ्यावेत? थोडेच घ्यावेत, उगाच हातपाय पसरू नयेत. उधार मागणाऱ्याला काय सांगावं? तोंडावर नाही म्हणावं. नवऱ्याने नुसतं बसून राहावं काय? मुळीच नाही, एका हाताने लसूण सोलता येतो. परब मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी मीरा तसंच करायची. एकदा मात्र ते घसरले.

"आज मीरान बांगडे साफ केल्यान," ते सांगत होते. "खोबरा वाटल्यान, आणि शेवटाक तिरफळा ठेचून घातल्यान."

माझा हात थांबला. तिरफळं आमच्या कोकणात होतात. वाटाण्याएवढी फळं, वाळवून ठेवतात आणि बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट दाट रश्शात घालतात; जीभ बधिर होते पण त्याशिवाय बांगड्याला चव नाही. मुंबईत निम्म्या लोकांना ती नावानेही ठाऊक नाहीत. चंपा साताऱ्याची, तिने पहिल्यांदा माझ्याकडे तिरफळ चावलं तेव्हा तिला वाटलं आपल्याला झटका आला.

"लखनौच्या बायेक तिरफळा खय गावली?" मी विचारलं.

परबांनी ताटातला भात पुन्हा कालवला. "शेजारणीन दिल्यान. शेजारीण मालवणची आसा."

"ती कधी इली सिनेमात?"

"आजच."

"तिचा काम कोण करता?"

"नवीन बाई आसा कोणतरी," असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी पुढे काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर माझी छाती अभिमानाने फुगली होती. आमचं तिरफळ हिंदी सिनेमात गेलं, हे मी दोन दिवस चाळभर सांगत होते.

मग एके दिवशी ते म्हणाले, डायरेक्टरला जेवणाचा शॉट घ्यायचाय. खोटं जेवण पडद्यावर कळतं, वाफ येत नाही. तू करून दे. मी सगळं सोडून बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली, भात केला. डबा संध्याकाळी चाटूनपुसून परत आला. युनिटने पैसेही दिले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवं. तिसऱ्या दिवशी जास्त हवं.

"रोज तोच शॉट?"

"रिटेक होतत," परब म्हणाले.

"हिरॉइन एवढा जेवता? मग बारीक रवता कशी?"

"तिचा तिका ठाऊक."

पुढे रिटेक इतके वाढले की सकाळी एक पिशवी पुरेना. सुलक्षणा आता टायपिंगच्या क्लासला अंधेरीलाच जायची, तिच्या हातात संध्याकाळच्या शिफ्टसाठी दुसरी पिशवी दिली. मी पहाटे उठून खोबरं किसायची, पाट्यावर वाटायची आणि मनात म्हणायची, एवढं करून सिनेमा पडला तर त्या डायरेक्टरला बघून घेईन.

या सगळ्या गडबडीत बाकीचं काही माझ्या नजरेत भरत नव्हतं असं नाही. परबांच्या अंगठ्याला सारखी चिंधी असायची. दारातून आत येताना खांदा चौकटीला आपटायचा आणि ते चौकटीलाच शिव्या द्यायचे. पेपर सुलक्षणा वाचून दाखवायची. डोळ्यांत घालायला एक औषधाची बाटली होती. प्लायवूडचा भुसा जातो, चुरचुरतं, म्हणाले. मी म्हटलं, मग चष्मा लावा. लावतो म्हणाले. माझं लक्ष रिटेककडे होतं.

होळी झाली आणि एका दुपारी लवू सावंत यांना रिक्षातून घरी घेऊन आला. एक पाय सुजून वर आलेला. मी दारात उभी. लवूने त्यांना खाटेवर बसवलं, कपाळाचा घाम पुसला आणि माझ्याकडे वळला.

"वयनी, आता पुरे करा," तो म्हणाला. "सेटचो जिनो होतो, वर काय नाय नुसती हवा. ह्यांका दिसलाच नाय. नशीब, जिनो बुटको होतो. डॉक्टरान कधीचा सांगितल्यान, काचबिंदू आसा, गेलेला परत येणा नाय. आमी सगळ्यांनी सांभाळून घेतला, पण आता करवत हातात देवक भय वाटता."

लवूला वाटलं होतं की मला सगळं ठाऊक आहे. परब मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, मग लवूकडे.

"आणि सिनेमा?" माझ्या तोंडून एवढंच आलं. "मीराचा?"

"कोण मीरा?" लवू म्हणाला. "आमच्याकडे तर पौराणिक चललाहा. राजवाडो बांधतो आमी."

"मग माझा तिखला कोण खाता?"

"आमीच. सुतार, रंगारी, लाइटवाले. आता बाजूच्या स्टुडिओतले पण इचारतत." मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. तो चप्पल शोधू लागला आणि चहा न घेताच गेला.

मी आत गेले. संध्याकाळच्या शिफ्टचे डबे जायचे होते आणि वाटण पाट्यावर अर्धंच झालं होतं. मी वरवंटा हातात घेतला आणि वाट बघू लागले. गिरणीच्या वेळी आधी गुडघे गेले होते, मग डोळ्यांपुढे काळोख आला होता. आता येईल, आता येईल म्हणून मी वाटत होते. खोबरं बारीक झालं. मिरची लागली. मी तिरफळं मोजून न घेता मूठभर ठेचली. पाय जागेवर होते.

तेव्हा मला कळलं की मी पडणार नाही, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. हात तसेच वाटणाचे, मी बाहेर आले.

"फसवल्यात माका," मी म्हटलं. "एवढे महिने. डोळे चलले आणि माका सांगूक नाय? माका रडाक तरी देवचा होता."

"रडलंस मगो," परब हळूच म्हणाले. "दिवाळीपासून रडतंस. मीरासाठी."

दारात सुलक्षणा येऊन उभी राहिली होती, क्लासची फाइल छातीशी धरून. "आई, प्लीज ना, चिडू नकोस," ती म्हणाली. "मीच नेलं होतं बाबांना मुन्शिपाल्टीच्या दवाखान्यात. मला पण शपथ घातली होती."

"तू गप बस. तुझा मगे बघतंय." मी पुन्हा यांच्याकडे वळले. "सरळ सांगितला असता तर काय झाला असता?"

त्यांनी मान वर केली. समोर बघत होते, पण डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी लागत होते. हे किती दिवस असं होतं कोण जाणे.

"सांगणार होतंय," ते म्हणाले. "पण तुका थेटरात झोप लागता. जागी आसलंस म्हणजे झाला, म्हणान जेवताना सांगलंय."

मला इतकी माया आली त्या माणसाची की काय करावं सुचेना. ज्या गोष्टीवरून मी त्यांना आयुष्यभर हिणवलं, तीच त्यांनी सुताराच्या हाताने तासून, बेताची करून, माझ्यासाठी वापरली होती. दुसऱ्यांच्या सिनेमांनी आपल्याला गप्प केलं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांनी मला उभं करायला एक सिनेमा काढला होता, कॅमेरा नाही की हिरॉइन नाही. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सुजलेल्या पायाला हळद लावली. बोलले मात्र एवढंच, की लखनौच्या बाईला तिरफळं देणारा डायरेक्टर मी जन्मात बघितला नाही. ते हसले, आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. औषधाचं नव्हे.

डबे चालू राहिले. लवू सकाळी येऊन पिशव्या न्यायचा. मी हातपाय पसरले नाहीत, जे होतं ते नीट ठेवलं, उधारीला तोंडावर नाही म्हटलं. सगळं मीराने केलं तसंच. चंपाला मात्र खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. ती अजून विचारते, तो सिनेमा कधी लागणार आहे वो वहिनी? मी म्हणते, पैसे कमी पडलेत त्यांचे.

पण एक गोष्ट त्या सिनेमात नव्हती. मीराचा नवरा लसूण सोलायचा. आमचे परब सोलेनात. पाय बरा झाला तरी खाटेवरून उठेनात. डोळ्यांत आता नुसता उजेड आणि काळोख एवढंच उरलं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी पांढरी काठी घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, ज्या गल्लीत मी दारं बसवली त्या गल्लीत काठी आपटत फिरू? मी हात धरून नेते म्हटलं, तर नको. हळूहळू ते भिंतीकडे तोंड करून पडू लागले. ते मी ओळखलं. ती भिंत माझ्या चांगली ओळखीची होती. मला तयार करता करता हा माणूस स्वतःची तालीम करायची विसरला होता.

मी भांडून बघितलं. सुलक्षणाने लाडीगोडी लावून बघितली. लवूने येऊन स्टुडिओच्या गमती सांगितल्या. काही उपयोग झाला नाही.

एक दिवस संध्याकाळी मी टीव्ही लावला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालला होता. एक गृहस्थ भुईमुगावरच्या किडीबद्दल बोलत होते. मी सूप घेऊन तांदूळ निवडत बसले आणि म्हटलं, "सिनेमा लागलाहा."

मी हात लांबवून आवाज जरा वाढवला.

"सुतार आसा एक," मी म्हटलं. "तेका दिसणा नाय. पण बायकोबरोबर रोज बाजारात जाता. बायकोक मासळी घेवक येणा नाय, ती फसता. ह्यो हात लावन सांगता, ह्यो बांगडो कालचो."

थोड्या वेळाने खाट करकरली. "आवाज तर भुईमुगाचो येता," परब म्हणाले.

"बाजूक शेत आसा तेंच्या."

"वाकोल्यात?"

"सुट्टीक गावाक गेलेत."

गृहस्थ आता फवारणीचं सांगत होते. मी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला. घाई करून चालणार नव्हतं, एवढं मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

"तेच्या हातात काठी आसा?" त्यांनी विचारलं.

"आसा. बांबूची."

"सुताराच्या हातात बांबूची काठी?" ते उठूनच बसले. "डायरेक्टर गाढव आसा. शिसवाची होयी. मुठीक अंगठ्यापुरतो खळगो होयो, नायतर घामान सटाकता."

"लोक हसणत नाय तेका?"

"कित्याक हसतीत? स्वतः केलेली आसा मां?"

"ता मी सांगतंय डायरेक्टराक."

टीव्हीवर खताचं आलं, पावसाचा अंदाज आला. मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं, आणि या खेपेला डोळे बरोबर माझ्यावर लागले, आवाजाच्या अंदाजाने.

"ह्या खराच होतला काय गो?"

"होतलाच," मी म्हटलं. "आधी सिनेमात दाखवतत आणि मग होता, तुमकाच ठाऊक मां?"

परबांनी पाय खाली सोडले. हाताने चाचपत खाटेखालची हत्यारांची पेटी बाहेर ओढली, तिच्या झाकणावरून तळवा फिरवला आणि कडी काढली.

"टीव्ही बंद कर तो," ते म्हणाले. "पुढचा माका ठाऊक आसा."